तळमजला सोडून वर कोण येतं?

बाबांना चौघा खलाशांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावरून खाली आणलं, तेव्हा तुम्ही सगळे आपापल्या गॅलरीत उभे होतात. जिन्याच्या प्रत्येक वळणावर बाबा कठडा धरून ठेवत होते आणि आई त्यांची बोटं सोडवत होती. खाली टेम्पो उभा होता. शेजारच्या शेवंतामावशी डोळे पुसता पुसता मला म्हणाल्या, "तळमजला सोडून वर कोण येतो गो? कायतरी भानगड असणार."

मावशी, खोटं कशाला सांगू, मलाही तेच वाटत होतं.

बाबांचा सगळा जन्म मासेमारीच्या लाँचीवर तांडेल म्हणून, लाँच हाकण्यात गेला आणि अर्धांगवायूनंतर ते त्या वरच्या खोलीत अडकले. खोली सरकारी भाड्याची. ती विकता येत नाही, त्यात पोटभाडेकरू ठेवता येत नाही. दुसऱ्या भाडेकरूशी अदलाबदल तेवढी करता येते, तीही ऑफिसने संमती दिली तर. अशात हातखंब्याच्या वाटेवरच्या वसाहतीतल्या सावित्रीकाकी आपण होऊन आल्या. नवरा वारलेला, एकट्याच राहणाऱ्या. तळमजल्याची खोली देते म्हणाल्या आणि आमची मागितली. का, असं विचारलं तर म्हणे, "वर वारा बरा."

वाऱ्यासाठी कुणी तीन जिने चढतं? मी जाऊन त्यांची खोली पाहिली. भिंतीला ओल नाही, नळाला पाणी, शेजार बरा. खोट सापडेना तसा माझा संशय वाढतच गेला. ऑफिसातल्या साहेबांना तर आम्हा दोघींचाही संशय. "आतून काय ठरलंय तुमचं?" असं विचारून ते सही पुढे ढकलत राहिले. बाबा खिडकीशी बसून रोज एकच विचारायचे, "झाली काय सही?"

मग एका सकाळी आमच्या दाराशी हळदकुंकू लावलेला नारळ दिसला. करणी केली म्हणून आईने घर डोक्यावर घेतलं. काकींना तो ठेवताना खालच्यांनी पाहिलं होतं. मी तशीच रिक्षा करून त्यांच्याकडे गेले. त्या शांतपणे म्हणाल्या, "अगो बाय, जागेवाल्याला विचारल्याशिवाय ऱ्हायला येऊ कशी? बिल्डिंग सायबाची. खालची जमीन राखणदाराची ना?" नारळ म्हणजे जागेच्या राखणदार देवाचा मान होता. घरी येऊन सांगितलं तर आई पदराशी चाळा करत बसली. आदल्याच दिवशी तीही गुपचूप काकींच्या मागच्या दारी नारळ ठेवून आली होती!

अखेर संमती मिळाली. तिकडे पहाटे मासळीच्या लिलावाने जाग यायची, इकडे हायवेवरच्या ट्रकच्या हॉर्नने येते. मासळी आता स्कूटरवरून दारात येते आणि ती ताजी आहे यावर आईचा अजून विश्वास नाही. बाबा मात्र सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसतात. या नव्या घराला ते 'काकींचं घर' म्हणायचे, ते मला फार लागायचं.

मागच्या महिन्यात मी तुमच्याकडे आले होते. आमच्या जुन्या दाराला आता आतून साखळी आहे. फटीतून काकींनी विचारलं, "काय ऱ्हायलंय काय तुमचं?" मी ज्या घरात लहानाची मोठी झाले, तिथे मला हे ऐकावं लागलं. राग माझ्या तोंडावर दिसला असणार. साखळी न काढताच त्या म्हणाल्या, "रागावू नको. खाली कोणपण दार ठोकायचा, पिऊनसुद्धा. एकटीला भय वाटायचा. सांगितलं असतं तर घेतलं असतंस घर?"

म्हणजे भानगड होतीच! येताना मी हार्डवेअरच्या दुकानातून साखळी घेतली.

घरी पोचले तर दार सताड उघडं आणि कुणी अनोळखी माणूस बाबांशेजारी बसून चहा पितोय. तो गेल्यावर मी विचारलं, "कोण होता हा?"

"वाट विचारलान," बाबा म्हणाले. "माझ्या दारात आलेल्याला चाय नको विचारू?"

माझ्या दारात, म्हणाले बाबा. साखळी अजून बसवलेली नाही. बाबांना दार उघडं लागतं, काकींना बंद, आणि दोघांनाही घर मिळालं. मी मात्र तो माणूस कोण होता, याची वसाहतीत अजून चौकशी करते आहे.