गळ्याले विचारून सांगतो

काहीही विचारलं की ती दोन बोटं गळ्यावर ठेवायची आणि म्हणायची, "थांब बाई, गळ्याले विचारून सांगतो." दवाखान्यात मी इतकी वर्षं माणसं पाहिली, पण स्वतःच्या गळ्याची परवानगी काढणारी ही एकच.

ती पोंभुर्ण्याची, मासोळ्या विकणारी. मी चंद्रपूरला, आवाजाच्या उपचारांच्या खोलीत मदतनीस. ओरडून ओरडून तिचा आवाज पार बसला होता. मग गल्लीत हाक सून मारायची आणि ही टोपली घेऊन मागं. तेच तिला खुपायचं. "गिऱ्हाईक माहे, अन् मीच मुकी," एवढं बोलायलाही तिला दोनदा थांबावं लागलं.

उपचाराआधी एक फॉर्म असतो. आवाजाचा त्रास किती, ते पेशंटनं शून्य ते चारमध्ये सांगायचं; शून्य म्हणजे त्रासच नाही, चार म्हणजे फार. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवायची. हाक मारताना त्रास होतो? शून्य. चारचौघांत बोलताना? शून्य. फोनवर? "फोन सुनेजवळ रायते." तेही शून्य. मला वाटलं, मग ही बाई आली कशाला?

आमच्या खोलीत उपचार करणाऱ्या मॅडमनी तिला पाण्यात नळी बुडवून 'ऊ' म्हणत बुडबुडे काढायला शिकवलं. दिलेली नळी हरवली, तर हिनं पपईच्या पानाच्या पोकळ देठाची केली. आणि बरं का, पुढच्या खेपेला बाकीच्या पेशंटांसाठी देठांची जुडीच घेऊन आली. मॅडम हसून बेजार.

दोन महिन्यांनी पुन्हा फॉर्म. आवाज तर मोकळा झालेला, मला बसल्याजागी कळत होतं. पण ही प्रत्येक प्रश्नाला दोन म्हणे, तीन म्हणे. कागदावर आजार वाढलेला. मोठे डॉक्टर म्हणाले, फायदा दिसत नाही, हिची जागा दुसऱ्या पेशंटला द्या. तिचं तोंड एवढंसं झालं. शेवटी मीच विचारलं, तेव्हा शून्य अन् आता तीन काऊन?

दोन बोटं गळ्यावर गेली. "तेव्हा मी हाकच मारत नोती, तरास कुठून होईन? आता मारतो. दोन गल्ल्या चांगली जाते, तिसरीत अटकते."

मॅडमनी ते जसंच्या तसं फॉर्मखाली लिहिलं आणि मोठ्या डॉक्टरांपुढं ठेवलं. जागा टिकली.

शेवटच्या फॉर्मला मात्र ती आलीच नाही. पुढं मी मावसबहिणीकडं पोंभुर्ण्याला गेले होते. भाजी निवडत बसलो होतो, तोच मागच्या गल्लीतून हाक आली, "मासोळी घ्या वो बाईऽऽ." मी अनवाणीच धावले. कोपऱ्यावर तीन बायका हातात ताटल्या घेऊन उभ्या. मी विचारलं, ही कितवी गल्ली तिची? एक म्हणाली, तळ्यापासून निघते, म्हंजे पाचवी. ती तोवर पुढं वळली होती आणि टोपली घेऊन सून मागं. मी हाक मारली, पण माझी काही पोहोचली नाही.

मॅडमना सगळं सांगितलं, म्हटलं, तिचा शेवटचा फॉर्म आता भरून टाका. त्या म्हणाल्या, "मावशी, तुम्ही सांगून चालत नाही. पेशंटनं स्वतः सांगायला हवं."

"मॅडम," मी म्हटलं, "तेच तर सांगून राह्यली होती, साऱ्या गल्लीले."