आप्पांच्या तीन भाकऱ्या

आमच्या लिंगायत लोकांच्या गळ्यात लिंगाची चांदीची पेटी असते. बाकीच्यांची ती छातीवरून खाली लोंबते. माझे सासरे आप्पा, त्यांची पेटी लोंबायची नाही, पोटावर बसायची. नळदुर्गच्या बाजारात आमचं भुसार मालाचं दुकान होतं. तिथं गादीवर आप्पांनी मांडी घातली की ती पेटी पोटावर ऐसपैस विसावायची, आणि गिऱ्हाइकाशी बोलताना ते हसले की तीही हलायची. लग्न होऊन आले त्या पहिल्याच दिवशी पदराआडून मला ती दिसली आणि हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली. पुढं त्याच पेटीकडे बघून मला रडू येईल, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आप्पा खायचे ते मात्र बघत राहावं असं. अडणीवर, म्हणजे छोट्या तिवईवर, ताट ठेवायचं, लिंगाला अर्पण करायचं आणि मग पहिला घास. एकदा अर्पण झालं की ताटातलं अन्न हे अन्न राहत नाही, प्रसाद होतो. त्यातला कण टाकायचा नाही. शेवटी ताटातच पाणी घालून ते धुवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. ही रीत आमच्यात सगळेच पाळायचे, पण आप्पा ती पाळताना जसे खूश दिसत तसं मी दुसऱ्या कुणाला पाहिलं नाही. ज्वारीच्या पाच-सहा भाकऱ्या, शेंगाचटणी, लोण्याचा गोळा, वर वाटीभर दही. कुणी पोटावरून चिडवलं तर म्हणायचे, "आन्न लिंगाचं हाय बाबा. म्या निस्ता हमाल. हमालानं पोतं अर्ध्या वाटंत टाकायचं नसतंय."

हे असंच चालू राहिलं असतं, पण आप्पांना अंतर्गळ झाला. जांघेत गाठ यायची, आडवं पडून दाबली की आत जायची. गावातल्या हकीमसाहेबांची औषधं झाली, नवस झाले. शेवटी मीच हट्ट धरून त्यांना सोलापूरला पाठवलं. माझं माहेर तिथलं, इंग्रजी अंमलातलं, म्हणून सासरी माझ्या शब्दाला डॉक्टर, औषध आणि साबण या तीन बाबतींत वजन होतं. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "आज ना उद्या आतडं त्यात अडकेल आणि जिवावर बेतेल. कापावं लागणार. पण या पोटाखाली मी कापलं तर टाके टिकायचे नाहीत. आधी पोट उतरवून या."

किती खाऊन पोट उतरवायचं, हे ना डॉक्टरांनी सांगितलं ना आप्पांनी विचारलं. आप्पा व्यापारी माणूस. त्यांनी परतीच्या मोटारीतच स्वतःशी सौदा ठरवून टाकला. घरी आल्या आल्या मला म्हणाले, "सूनबाई, उद्यापास्नं अर्धी भाकर आन् ताक. झटक्यात मोकळं व्हायचं. रोज रोज कोण मरत बसंल?" मी म्हटलं, "आप्पा, एवढं कमी न्हाय चालायचं." पण त्यांनी कानावर घेतलं नाही. थोड्याच दिवसांत चेहरा उतरला, आवाज बसला, पोट मात्र जिथल्या तिथं. मग एका बाजारच्या दिवशी तराजू धरून उभे असताना त्यांना भोवळ आली आणि ते ज्वारीच्या थप्पीवर कोसळले. गिऱ्हाइकांनीच उचलून घरी आणलं. अत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, यांनी रडून घर डोक्यावर घेतलं आणि त्यातच शिरा करायला घेतला.

दुसऱ्या खेपेला मी बरोबर गेले. डॉक्टर चांगलेच तापले. "पोट कमी करायचंय, माणूस नाही," ते म्हणाले. मग मला समोर बसवून त्यांनी समजावलं. अन्नात अंगाला पुरवायची ताकद असते, आणि ती मोजता येते. खर्चापेक्षा थोडी कमी घातली तर शरीर साठवलेली चरबी काढून वापरतं. फारच कमी घातली तर ते मांसालाच हात घालतं, आणि मग जखम भरायला अंगात काही उरत नाही. त्यांनी आप्पांची उंची पाहिली, वजन पाहिलं, दिवसभर काय करता ते विचारलं आणि आकडा ठरवून दिला. दिवसाला तीन भाकऱ्या, दोन वाट्या वरण, वाटीभर दूध, पालेभाजी पोटभर, तूप-लोणी नखभर. "हळूहळू उतरेल. उतरू द्या. तीनाच्या वर जाऊ नका," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघून बोट उगारून म्हणाले, "आणि तीनाच्या खाली तर मुळीच नाही. हे तुमच्यावर."

तीनाच्या वर जाऊ नका हे सांगणं सोपं, पण आमच्या घरात ते पाळणार कसं? आप्पांना पानातलं टाकता येत नव्हतं आणि अत्याबाईंना वाढल्याशिवाय राहवत नव्हतं. नवऱ्याची उपासमार आपल्या हातून होतेय या कल्पनेनं त्या माउलीला झोप येईना. मी डोळ्यांत तेल घालून ताट वाढायची, आणि तरी भाजीच्या तळाशी तुपाचं थारोळं निघायचं. ते अर्पण झाल्यावर दिसायचं, म्हणजे काही इलाज नाही. आप्पा माझ्याकडे बघायचे, मी आप्पांकडे बघायची, आणि ते मुकाट्यानं खायचे. एका लग्नात तर व्याह्यांनी गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची खीर, वाढता वाढता ताटच भरून टाकलं. घरी आल्यावर आप्पा म्हणाले, "काय करू सांग. पोत्यावर पोतं टाकीत गेली मानसं, हमालानं न्हाय कुटं म्हणायचं?" मला हसूही आलं आणि रागही आला.

यातून वाट काढली ती आमच्या मठाच्या स्वामींनी. आप्पांनी त्यांच्यापुढं हात जोडून सगळी कथा सांगितली. स्वामी बराच वेळ हसले. मग म्हणाले, "प्रसाद टाकायचा नाही, बरोबर. पण अर्पण होईपर्यंत तो प्रसाद कुठं असतो? ताट पुढं आलं की आधी नको असेल तेवढं उचलून बाजूला काढा. मग अर्पण करा. त्यानंतर वाढणारीनं हात आखडायचा, ही माझी आज्ञा सांगा." स्वामींची आज्ञा म्हटल्यावर अत्याबाईंचा नाइलाज झाला. त्या दिवसापासून आप्पा ताट पुढं आलं की बोटांनी चाचपून तूप शोधत, जास्तीची भाकरी उचलून दुरडीत टाकत, आणि मग डोळे मिटून अर्पण करत. वर्ष सरता सरता पोट खरंच उतरलं. पेटी अजून बसायची, पण जरा कलून. डॉक्टरांनी पाठ थोपटली आणि म्हणाले, "सुगी आटोपली की या. मोकळं करून टाकू." आप्पांनी परतताना मला सोलापुरी चादर घेऊन दिली. इतकं हलकं वाटलेलं मला आठवत नाही.

ती सुगी आम्हाला मिळालीच नाही. निजामाच्या मुलखातल्या त्या शेवटच्या धामधुमीत बाजार उठला, वाटा बंद झाल्या, आणि गावंच्या गावं सरहद्द ओलांडून सोलापूरच्या अंगाला निघाली. आम्ही भरलेलं दुकान तसंच सोडून बैलगाडीनं निघालो. माझ्या माहेरच्या दोन खोल्या आधीच पाहुण्यांनी खचाखच भरल्या होत्या, म्हणून बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगच्या आवारात पत्र्याखाली राहिलो. आमच्यासारखी कितीतरी कुटुंबं तिथं होती. धान्य मिळायचं ते मापून, आणि पुरायचं नाही. पण मी ठरवलं होतं की काही झालं तरी आप्पांच्या तीन भाकऱ्या चुकू द्यायच्या नाहीत. मी, आमचे हे, अत्याबाई, आम्ही आमच्यातलं थोडं थोडं काढून त्या पुऱ्या करायचो. सकाळी दीड, संध्याकाळी दीड.

आप्पांपुढं ताट ठेवलं की ते आधी पत्र्याखाली नजर फिरवायचे. शेजारी सास्तूरकडची एक बाळंतीण होती, तिचं मूल सारखं रडायचं. तिकडं बघायचे आणि स्वामींनी शिकवल्याप्रमाणे, अर्पण करायच्या आधी, एक भाकरी उचलून तिला पाठवायचे. मग उरलेल्या अर्ध्या भाकरीवर डोळे मिटायचे. मी म्हणायची, "आप्पा, डॉक्टरांनी काय सांगितलंय? तीनाच्या खाली न्हाय." ते म्हणायचे, "आगं, नको आसंल तेवढं उचलून ठिवायचं, आसं स्वामीच बोललेत न्हवं? मला नकोच हाय." ज्या युक्तीनं आप्पांना वाचवलं होतं तिनंच आता ते माझ्या डोळ्यांदेखत झिजत होते, आणि मी पुढं फक्त ताट ठेवू शकत होते. रागावून पाहिलं, रडून पाहिलं. ते नुसते हसायचे. हसले की पेटी मात्र आता हलायची नाही. ती सगळ्यांच्या पेटीसारखी सरळ खाली लोंबत होती.

डॉक्टर आता हाकेवर होते, पण आधी बिऱ्हाड मार्गी लागू दे म्हणत आप्पा कापणं पुढं ढकलत होते; शेवटी मीच त्यांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आप्पांचा सदरा वर केला, रिकाम्या पोत्यासारखी लोंबणारी कातडी पाहिली आणि सदरा हलकेच खाली सोडला. "हे मी सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. पोट उतरलं होतं, पण आता कापायला अंगात बळ नव्हतं. आधी पोटभर खाऊ घाला, दोन महिने तरी, मग बघू, असं सांगून त्यांनी आम्हाला परत पाठवलं.

तेव्हा मला सुचलं. आमच्या मठाचे स्वामीही त्याच आवारात दुसऱ्या टोकाला उतरले होते. मी आप्पांचं ताट वाढलं, आधी स्वामींकडे नेलं आणि त्यांच्या हातून अर्पण करवून घेतलं. मग ते आप्पांपुढं ठेवलं. त्यांचा हात भाकरीकडे जाताच मी म्हटलं, "उचलू नका, आप्पा. स्वामींनी अर्पण केलंय. परसाद हाय त्यो."

आप्पांचा हात तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग शेजारच्या बाळंतिणीकडं, मग ताटाकडं. "लई हुशार झालीस गं अव्वा," ते म्हणाले. पोटच्या लेकीला म्हणावं तसं अव्वा त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं. त्यांनी सगळं ताट संपवलं, धुऊन पाणी प्यायले आणि पाठ फिरवून बसले. दुसऱ्याच्या तोंडचं खाल्ल्यासारखं वाटत असावं त्यांना. मला ते दिसत होतं, आणि तरीही मी रोज तसंच ताट नेत राहिले. बाळंतिणीला मी माझ्यातली अर्धी द्यायला लागले.

आप्पांच्या अंगावर जरा रया येऊ लागली होती. पण डॉक्टर ज्याला भीत होते ते दोन महिने थांबलं नाही. एका सकाळी आतडं अडकलं. आधी वाटलं, नेहमीसारखी गाठ आहे, दाबली की जाईल. तसं समजूनच मी ताट आणून ठेवलं होतं. आप्पा भिंतीला टेकून बसले. प्रसाद समोर, म्हणून त्यांनी एक घास घेतला, कसाबसा दुसरा घेतला, आणि हात ताटातच थांबला. कपाळावर घाम डवरला होता. आमचे हे गाडी आणायला धावले.

"ऱ्हाऊ द्या, आप्पा," मी म्हटलं.

"आसं कसं? अर्पण झालंय," ते म्हणाले, आणि मग अगदी बारीक आवाजात, "हमाल दमला गं, अव्वा."

मी त्यांच्या पुढ्यातली अडणी माझ्याकडं ओढली. उरलेली भाकरी वरणात कुस्करली आणि त्यांच्यासमोर बसून, कण न ठेवता, सगळी खाल्ली. मग ताटात पाणी घातलं, बोटांनी ताट धुतलं आणि ते पाणी प्यायले. आप्पा बघत होते. ताट रिकामं झालेलं पाहिलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि पेटी मुठीत धरली. गाडीतच त्यांचं अंग गार झालं. दवाखान्यात पोचलो तेव्हा ती मूठ सोडवायला डॉक्टरांनी मला हाक मारली.