बिवलकरांचा शेवटचा बॉयलर

नंदकुमार बिवलकर एकतीस वर्षं सरकारी बॉयलर निरीक्षक होते, आणि घरातल्या कुणाला ते कधी विसरता आलं नाही. अंबरनाथ, तळोजा, तारापूर इथले कारखाने त्यांच्या येण्याच्या दिवशी बॉयलर थंड करून, रिकामे करून, झाकणं उघडून ठेवायचे. बिवलकर अंगात जुना डगला चढवून, टॉर्च घेऊन त्या भोकातून आत शिरायचे, हातोडीने ठोकून पत्र्याचा आवाज ऐकायचे आणि बाहेर येऊन पास म्हणायचे किंवा नापास. मधलं काही त्यांना मंजूर नसे. चहासुद्धा ते कुणाचा घेत नसत, स्वतःचा थर्मास नेत.

निवृत्तीनंतर कारखाने सुटले, तपासणी राहिली. मुलुंडच्या घरात ते कुकरची रिंग तपासत, सोसायटीची टाकी तपासत, समोर आलेल्या घावनाच्या कडा तपासत. मुलगी गंधालीसाठी आलेली तीन स्थळं त्यांनी नापास केली. चौथं तिने तपासणीला आणलंच नाही, थेट लग्नाची तारीख आणली.

त्यांच्या बायकोची, शर्मिष्ठाची, तपासणीबद्दल फारशी तक्रार नव्हती. असा नवरा असला की गॅसची नळी तरी वेळेवर बदलली जाते. तिला फक्त एक गोष्ट हवी होती. अडतीस वर्षांच्या संसारात एकदा तरी या माणसाच्या तोंडून ‘माझं चुकलं’ असं ऐकायला मिळावं. एकदा ते तिला घेऊन एका लग्नाला ऐन मुहूर्तावर पोचले, पण एक दिवस आधी. हॉलवर झाडूवाली होती. परतताना रिक्षात ते म्हणाले, पत्रिकेची मांडणी दिशाभूल करणारी आहे. पैठणी नेसलेल्या शर्मिष्ठाने घरापर्यंत रस्त्याकडे बघत राहणं पसंत केलं.

यंदा दिवाळीनंतर त्यांच्या थोरल्या भावाची, अण्णांची, पार्ल्याची इमारत पाडायला निघाली. आवराआवरीत माळ्यावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला आणि त्यात लहानपणीचं वाफेचं इंजिन. वीतभर लांबीचं, पितळी बॉयलर, खाली स्पिरिटचा दिवा, बाजूला फिरणारं चाक आणि वर शिटी. वडिलांनी कुठल्याशा लिलावातून आणलेलं. अण्णांनी डबा मुलुंडला पाठवला आणि फोनवर सांगितलं, बघ, तुझ्याच्यानं काही होतंय का.

हे इंजिन अण्णांनी मोडलं, हे सगळ्या बिवलकरांना पाठ होतं. बाराव्या वर्षी, दिवाळीत, त्यांनी ते गॅलरीच्या कठड्यावर ठेवलं, पेटवायला काडी ओढली, आणि ते खाली चौकात आपटलं. वडिलांनी फूटपट्टीने फोडून काढलं. अण्णा ही गोष्ट प्रत्येक लग्नामुंजीत सांगत. आधी इंजिन पहिल्या मजल्यावरून पडायचं. अलीकडे ते तिसऱ्यावरून पडत असे, इमारत दोनच मजली असली तरी. आणि गोष्ट संपली की बिवलकर न चुकता म्हणत, “निष्काळजीपणा. दुसरं काय?”

पुढचे पाच आठवडे बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनवर धुण्याऐवजी इंजिन होतं. शर्मिष्ठाचं लिंबू, व्हिनेगर, जुने टूथब्रश, गंजिफ्रॉकच्या चिंध्या एकेक करून बाल्कनीत गेल्या. चाकाचा गंज रॉकेलमध्ये भिजवून काढला. दिव्याला जाड सुताची वात केली. बॉयलरचं एका बाजूचं झाकण सुटलेलं होतं. बिवलकरांनी त्यातून टॉर्च मारला. कारखान्यात ते आख्खे आत शिरत, इथे एक डोळा जेमतेम शिरत होता, पण चेहरा तोच.

आणि एका दुपारी ते जेवायला बसले ते विजयी मुद्रेने. अण्णाने इंजिन मोडलंच नव्हतं, म्हणाले. आत कथलाचे गोल गोल मणी सापडले होते, म्हणजे सांधे वितळले होते. बॉयलरचा बुडखा जळून निळा पडला होता. आपटून सांधा फुटतो, वितळत नाही. हे पाणी न घालता तापवल्याचं लक्षण. खाली पडायच्या आधीच इंजिन गेलेलं होतं. त्यांनी मणी पुराव्यादाखल एका डबीत काढून ठेवले होते, ती डबी ताटाशेजारी मांडली.

शर्मिष्ठाने आमटी वाढली. “मग बिनपाण्याचं तापवलं कोणी?”

बिवलकरांचा घास थांबला. घरात मुलं दोनच होती. त्यातला एक पाणी घालूनच पेटवायचा, कारण तो अण्णा होता आणि त्याने सूचनांचा कागद पाठ केला होता. दुसऱ्याला हात लावायची मनाई होती. बिवलकरांनी ताक मागितलं. ताक पिऊन झाल्यावर, तपास चालू आहे, असं सांगून ते उठले.

तपास चार दिवस चालला. त्या काळात त्यांनी कुकरकडे ढुंकून पाहिलं नाही. अडतीस वर्षं थांबलेल्या बाईला चार दिवस काय जड? पाचव्या दिवशी चहा पिता पिता त्यांनी सांगितलं की इंजिन पडायच्या आदल्या दुपारी अण्णा शिकवणीला गेला होता, आई झोपली होती, आणि वास फार घाण येत होता. विसरूनच गेलो होतो, म्हणाले. शर्मिष्ठाला हे पटलं नाही. गंधालीच्या बारशाला जिलबी कच्ची होती हे या माणसाला अजून आठवतं. पण तिने फक्त विचारलं, अण्णांना सांगणार का? बिवलकर म्हणाले, निष्कर्ष संबंधितांना कळवावाच लागतो.

मग त्यांनी सांधे नव्याने सोल्डर केले. झाडांना औषध फवारायच्या पंपाने बॉयलरमध्ये पाणी दाबून नेहमीच्या दुप्पट दाबावर तो अर्धा तास ठेवला. थेंबही गळला नाही. रविवारी अण्णांना बोलावलं.

अण्णा आले, इस्त्रीचा झब्बा घालून. बिवलकरांनी पाणी घातलं, दोनदा तपासलं आणि दिवा लावला. स्पिरिटचा वास पसरला. पाणी गुणगुणलं. त्यांनी चाकाला बोटाने ढकललं आणि चाक खडखड करत फिरायलाच लागलं. अण्णांनी शिटी वाजवली. पुन्हा वाजवली. बहात्तर वर्षांच्या त्या चेहऱ्याकडे शर्मिष्ठाला बघवेना, इतका तो उघडा झाला होता.

“मी कठड्यावर ठेवलं होतं,” अण्णांनी सुरुवात केली, “तिसऱ्या मजल्यावर—”

“अण्णा, थांब,” बिवलकर म्हणाले. “ते तू मोडलं नव्हतंस. आदल्या दिवशी मी पाणी न घालता पेटवलं होतं. सांधे वितळले. माझं चुकलं.”

शर्मिष्ठा शिऱ्याच्या बशा घेऊन दारात उभी होती. ती तशीच उभी राहिली.

अण्णांना आनंद झालेला दिसला नाही. “कोण म्हणतं?”

“आत कथील वितळलेलं होतं. मी काढून ठेवलंय.”

“तू तेव्हा शेंबडा होतास, नंद्या. तुला काडी तरी पेटवता येत होती का?” अण्णांचा आवाज चढला. “बाबांची फूटपट्टी मी खाल्ली. चार दिवस पालथा झोपत होतो. ते काय उगाच?”

तेव्हा शर्मिष्ठाच्या ध्यानात आलं. अण्णांनी चाळीस वर्षं विमा कंपनीत नोकरी केली, एकदाही लेटमार्क नाही. आईने दाखवली त्या मुलीशी लग्न केलं. आयुष्यात त्यांनी मोडलेली वस्तू ही एकच. नातवंडं त्यांच्याभोवती बसतात ती या एका गोष्टीसाठी, आणि आता धाकटा भाऊ त्यांना निर्दोष सोडत होता.

हे बिवलकरांना कळेल अशी तिची अपेक्षा नव्हती. ते खिशात हात घालून डबी चाचपत होते. डबी अर्धी बाहेर आली. त्यांनी अण्णांकडे पाहिलं, बराच वेळ, एखाद्या पत्र्याचा आवाज ऐकावा तसं. मग डबी परत खिशात गेली.

“तसं बघितलं तर,” ते खाकरून म्हणाले, “तिसऱ्या मजल्यावरून आपटलं की धक्क्याने कथील तापू शकतं. होतं कधीकधी.”

“मग तेच सांगतोय मी,” अण्णा म्हणाले आणि शिऱ्याची बशी त्यांनी स्वतःच शर्मिष्ठाच्या हातातून घेतली. गोष्ट पहिल्यापासून झाली. शेवटी सगळे थांबले, आणि बिवलकरांनी आपलं वाक्य म्हटलं, “निष्काळजीपणा. दुसरं काय?” अण्णा खूश होऊन हसले. इंजिन डब्यात घालून, नातवंडांना दाखवायला, ते घरी घेऊन गेले.

लिफ्टपर्यंत सोडून बिवलकर परत आले तेव्हा शर्मिष्ठा बशा गोळा करत होती. अडतीस वर्षांनी आलेलं ते वाक्य पाच मिनिटंसुद्धा टिकलं नव्हतं, आणि भांडावं तर कशावरून, तेही समजेना.

“धडधडीत खोटं बोललात,” ती म्हणाली.

“बोललो. पण त्यात माझं काही चुकलं असं तुला वाटतं?”

शर्मिष्ठाने नळ सोडला, बशा त्याखाली धरल्या. नाही, म्हणाली. तिचा नाइलाज होता.