वर पडणारी लिफ्ट

आमच्या कोडी-मंडळात त्यांचं नाव उलटराव पडलं, ते माझ्यामुळे. कुठलाही प्रश्न मांडा, सगळ्यांनी एका बाजूने माना डोलावल्या की हा गृहस्थ पेन्सिल कानामागून काढणार आणि म्हणणार, "उलटं आहे हे." निम्म्या वेळा त्यांचंच बरोबर निघायचं. त्याचाच मला जास्त राग यायचा. मी बावीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलेला माणूस आणि ते लिफ्ट दुरुस्त करणारे. शिक्षण आठवीपर्यंत, पुढचं सगळं मामाच्या हाताखाली.

दर रविवारी सकाळी आम्ही दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात जमायचो. पाचवा मजला, बंद दवाखाना, पेशंटांच्या खुर्च्या गोल मांडलेल्या. चष्म्याचे दुकानदार आणि त्यांचा मेहुणा नेमाने यायचे. माझी बायकोही विणकाम घेऊन यायची. तिला कोड्यांत रस नव्हता, पण मी हरतो का, हे बघण्यात होता. उलटराव कळकट वहीत लिफ्टच्या बिलांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकृत्या काढायचे. त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना नखं नव्हती. आणि एवढा लिफ्टवाला माणूस, पण पाच मजले जिन्याने चढायचा. मी त्यावरूनही चेष्टा करायचो. ते नुसते हसायचे.

त्या रविवारी प्रश्न मी आणला होता. लिफ्टचा दोर तुटला, तर आतल्या माणसाने शेवटच्या क्षणी उडी मारून वाचता येईल का? चष्मेवाले म्हणाले, येईल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोकं छताला आपटेल. मेहुण्याने खुर्चीवरून उडी मारून दाखवली. मजा चालली होती. उलटराव मात्र गप्प.

"काय हो, आज उलटं नाही?" मी डिवचलं.

"लिफ्ट खाली पडत नाही, मास्तर. वर पडते."

असे हसलो आम्ही, की विचारू नका. सगळ्यात मोठ्याने मी.

ते तसेच सांगत राहिले. दोराच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी वजन असतं. ह्या लिफ्टचं ते लोखंड रिकाम्या पेटीपेक्षा चार माणसांनी जड. आत चारपेक्षा कमी माणसं असली आणि ब्रेक सुटला, की ते वजन खाली येतं आणि पेटीला वर ओढतं. "दोर तुटत नाहीत हो सहसा. ब्रेक सुटतो."

"प्रश्न दोराचा आहे," मी म्हणालो. "ब्रेकचा तुमच्या बिलात लिहा."

पुन्हा हशा. त्यांनी वही मिटली. बायकोने माझ्याकडे अशी नजर टाकली की दुसरा कोणी असता तर माफी मागून मोकळा झाला असता. मी नाही मागितली. मी कधीच मागत नाही.

निघताना आम्ही पाच जण लिफ्टमध्ये शिरलो. उलटराव मागे राहिले. जुनी लिफ्ट, जाळीचे सरकते दरवाजे. चौथा मजला जेमतेम येतोय, तोच वीज गेली. कचकन थांबलो. चौथ्या मजल्याची फरशी माझ्या मांडीइतकी खाली दिसत होती. हात घालून खालची जाळी सरकवता आली. उतरायला सोपं होतं. मेहुणा उतरला, मग चष्मेवाले. बायकोला खालून धरावं म्हणून मी उतरलो. आत ती आणि डॉक्टरीणबाई उरल्या.

वर कुठेतरी किर्र आवाज आला. पेटी बोटभर हलली असं वाटलं.

बायको घाबरली. "हलली का हो?"

"हलकी झालीये आता. उलट भीती कमी झाली. उतर चटकन," मी म्हणालो.

ती काठावर बसली आणि पाय खाली सोडले. मी हात पुढे केले. तेवढ्यात जिन्यावरून धाड धाड पावलं वाजली आणि उलटराव ओरडले, "आत घ्या! बाई, पाय आत घ्या!"

तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचे पाय तसेच लोंबकळत होते. पंचवीस वर्षं असल्या बाबतीत तिने माझंच ऐकलं होतं. वर परत किर्र झालं. आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ब्रेक सुटत होता. पाचातून तीन गेले, आत दोघी. ते वजन दोन माणसांनी जड. काठ वर गेला, तर दरवाज्याची वरची चौकट आणि तो काठ यांच्या मध्ये माझी बायको होती.

तोंडातून काय निघावं?

"मी चुकलो!" मी किंचाळलो. "मी चुकलो, मागे हो!"

ती पाय ओढून मागे पडली. त्याच दमात पेटी चार-पाच फूट वर उसळली. खडखडाट झाला आणि ती थांबली. तिची एक चप्पल फरशीवर पडली होती. काठ आणि चौकट यांच्यात आता माझी मूठ जेमतेम गेली असती.

उलटराव केव्हाच वरच्या मशीनच्या खोलीकडे धावले होते. दहा मिनिटं आम्ही खालून हाका मारत होतो आणि जाळीतून आतल्या दोघींचं "आहोत, आहोत आम्ही" एवढंच ऐकत होतो. मग दोर हळूहळू सरकले. त्यांनी ब्रेक सांभाळत चाक हाताने फिरवून पेटी पाचव्या मजल्याला लावली. मी धावत वर गेलो. बायको जमिनीवर बसली होती. मी तिच्याजवळ बसलो, तर ती म्हणाली, "त्यांचं ऐकलं नसतं मी. पण तुम्ही चुकलो म्हणालात, तेव्हा वाटलं, आता खरंच मरणार."

उलटराव हात पुसत खाली आले. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला. मी म्हटलं, "मला तुम्ही आधीच सविस्तर सांगायला हवं होतं."

मूर्खच बोललो.

"माझा मामा असाच काठावर बसून उतरत होता," ते म्हणाले. "मी नवीन होतो, खाली उभा. तो म्हणाला, येऊ का रे? मी म्हणालो, ये मामा, आता हलकी झालीये."

माझी बायको एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी, तशीच उठली आणि तिने त्यांच्या हातातला पेला काढून घेऊन त्यांचे दोन्ही हात धरले.