सासऱ्यांनी नेलेल्या काचा

जून महिन्यात, एका मंगळवारी दुपारी, माझे सासरे वारले. त्यांच्या खोलीची खिडकी उघडी होती.

ती उघडीच असणार होती. बंद खिडकीशी इतकं जाहीर वैर धरणारा माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत दुसरा झालेला नाही. मानपाड्याजवळच्या एका रसायनांच्या कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी सुरक्षा विभागात काढली. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, विभाग काही सुटला नाही. तो त्यांनी नातेवाइकांत चालू ठेवला. कोणाच्याही घरी गेले की चप्पल काढता काढता विचारायचे, "गीझर गॅसचा की विजेचा?" विजेचा म्हटलं की चहा घ्यायचे. गॅसचा म्हटलं की आधी बाथरूम. बंद जागेत गॅस जळला की साठणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचं नाव ते नेहमी पूर्ण घेत आणि त्याच्याबद्दल एखाद्या वाया गेलेल्या चुलतभावाबद्दल बोलावं तसं बोलत. "त्याला रंग नाही, वास नाही. येऊन बसला तरी कळत नाही. डोकं दुखतं, गरगरतं, माणूस म्हणतो पित्त झालंय. पित्त कसलं! खिडकी उघड." लग्नाच्या पंगतीतही शेजारच्याला सांगायचे, "आधी बादली भरून घ्यायची, गीझर बंद करायचा, मग दार लावायचं," आणि शेजारचा निमूटपणे मठ्ठा पीत राहायचा.

सांगून लोक ऐकत नाहीत हे पटल्यावर ते कृतीवर आले. बाथरूमच्या खिडकीला आडव्या काचा असतात, थंडीत लोक त्या गच्च मिटून घेतात. सासरे खिशात लहानशी पकड ठेवत. हात धुवायला म्हणून आत जायचे, वरच्या दोन काचा पट्टीतून सोडवायचे, वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत टाकायचे आणि पोहे खाऊन निरोप घ्यायचे. ठाण्याच्या मावशींचा, म्हणजे सासूबाईंच्या बहिणीचा, दोन दिवसांनी फोन आला.

"भावोजी, आमच्या काचा तुम्ही नेल्यात का?"

"नेल्या. सुखरूप आहेत."

"अहो, पण थंडी वाजते!"

"वाजते ना? म्हणजे सगळं व्यवस्थित आहे."

पुढे त्यांनी हा वायू ओळखणारं एक यंत्र घेतलं आणि ते सदऱ्याच्या खिशात बाळगू लागले. सासूबाईंच्या भावाने, म्हणजे मामांनी, शीळफाट्याला टॉवरमध्ये फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला पाहुण्यांच्या रेशमी साड्यांना घाम नको म्हणून मामांनी खिडक्या लावून एसी सुरू केला, आणि मधोमध होम. निखारे चांगले फुलले होते, गुरुजी रंगात आले होते, तेवढ्यात सासऱ्यांचा खिसा किंचाळू लागला.

"काका, फोन सायलेंटवर टाका," गुरुजी म्हणाले.

"फोन नाही गुरुजी, यंत्र आहे. पुढचं स्वाहा खिडकी उघडल्यावर."

मामा संतापले. "भावोजी, घर माझं आहे!"

"तुझंच आहे. तू त्यात राहावंस म्हणून तर चाललंय."

खिडक्या उघडल्या, रांगोळी उडाली, मामी रडवेल्या झाल्या. जेवणं झाल्यावर गुरुजींनी सासऱ्यांना कोपऱ्यात घेतलं. "काका, असे बंद खोलीतले होम हल्ली फार होतात. डोकं माझं कायमच दुखतं. हे कुठे मिळतं?"

मामांनी मात्र सूड उगवला. जमलेल्यांसमोर म्हणाले, "जगाच्या खिडक्या उघडतात! यांच्या स्वतःच्या घरात बंद होती तेव्हा कुठे होतं हे शहाणपण?" सासरे खाली बघून खिशातलं यंत्र चाचपत राहिले. हा टोमणा त्यांनी मरेपर्यंत ऐकला. मी दर वेळी तिथे होतो.

ते प्रकरण आमच्या दिवाळसणाचं. मी नवा जावई, मानपाड्याच्या घरी पहिल्या अभ्यंगस्नानाचा मान माझा. बाथरूमच्या खिडकीच्या काचा सासऱ्यांनी कधीच काढून टाकल्या होत्या, आणि समोरच्या इमारतीच्या गॅलरीत एक आजी कंदील लावत होत्या. मी लाजाळू माणूस. दाराआड जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा सापडला, तो मी खिडकीत घट्ट बसवला. त्या घरात आणखी एक पद्धत होती. आंघोळीला गेलेल्याला सासरे दर थोड्या वेळाने बाहेरून विचारायचे, "आहेस का?" आणि आतल्याने "आहे" म्हणायचं. मला त्यांनी विचारलं, "जावईबापू, आहात का?" उटणं लावलेल्या अवस्थेत सासऱ्यांना उत्तर देणं मला फार अवघड गेलं, पण दिलं. माझं आटोपलं. गॅसचा गीझर चालूच होता. पुठ्ठा मी विसरलो. माझ्यानंतर माझी बायको सुमेधा आत गेली.

"सुमे, आहेस का?" एकदा उत्तर आलं. दुसऱ्यांदा आलं नाही. सासऱ्यांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. दाराची कडी तोडून ते आत शिरले, गॅस बंद केला आणि तिला सासूबाईंच्या साडीत गुंडाळून गॅलरीत आणलं. दवाखान्यात ऑक्सिजन लावला. संध्याकाळी तिने करंजी मागितली, तेव्हा सासरे पहिल्यांदा खुर्चीत बसले. खिडकी कोणी बंद केली, असा प्रश्न निघालाच. "मीच," ते म्हणाले. "सफाई करताना काहीतरी लावलं गेलं. माझी चूक." माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. आणि मी गप्प बसलो. लोक त्यांना चारचौघांत हसू लागले तेव्हा गप्प, मामा बोलले तेव्हाही गप्प. अकरा वर्षं. पुढच्या दिवाळीपासून ते पकड खिशात घेऊन नातेवाइकांच्या घरी जाऊ लागले.

तेराव्याला सासूबाईंनी त्यांच्या पलंगाखालची पेटी ओढली. आत वर्तमानपत्रातली पुडकी होती आणि प्रत्येकावर चिठ्ठी. सासूबाई वाचत गेल्या, "ठाणे, मावशी, दोन. मोहने, शेजारच्या वहिनींची बहीण, एक." मावशी डोळे पुसत हसत होत्या. "भावोजींनी माझ्या निळ्या काचा नेल्या होत्या!" मामांच्या जुन्या कल्याणच्या घरच्याही दोन निघाल्या. तळाशी कॅलेंडरचा पुठ्ठा होता, खिडकीच्या मापाला दुमडलेला. त्याच्यावर चिठ्ठी नव्हती.

"हे कोणाचं?" सासूबाईंनी विचारलं.

"माझं," मी म्हणालो, आणि सगळ्यांसमोर सगळं सांगितलं.

मामा उठले, हातातल्या दोन काचा त्यांनी पुन्हा कागदात गुंडाळल्या आणि पेटीत ठेवल्या. सुमेधा माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी आंघोळीला गेलो तेव्हा बाहेरून तिचा आवाज आला, "आहेस का?"

पेटी आता आमच्याकडे आहे. तिच्यात सव्वीस काचा आणि एक पुठ्ठा आहे. काचा कोणी परत मागितलेल्या नाहीत.