कर्नलचं फंक्शन

आमच्या साडूंइतका घाईचा माणूस कुंडलिका नदीच्या दोन्ही काठांवर आजवर जन्मला नाही, आणि पुढेमागे जन्मलाच तरी तो साडूंच्या आधी कुठे पोहोचेल असं मला वाटत नाही. अष्टमीहून रोह्याला जाताना लोक पूल ओलांडतात, साडू पूल उरकतात. जिना चढताना चार-चार पायऱ्या, आणि गप्पा मारताना आपलं वाक्य आपल्या आधी तेच संपवून मोकळे. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात त्यांनी जिलबी वाढायला घेतली. पानापानापाशी थांबणं म्हणजे वेळेचा खून, असं म्हणत त्यांनी चार जिलब्या बोटांत अडकवल्या आणि एका फटक्यात चार पानं, पुढच्या फटक्यात पुढची चार, असा सपाटा लावला. पंगत बघता बघता वाढून झाली. फक्त शेवटच्या फटक्याला पानं दोनच उरली होती, त्यामुळे तिसरी जिलबी भिंतीला टेकवलेल्या गादीवर आणि चौथी खाली वाकलेल्या फोटोग्राफरच्या पिशवीत गेली. फोटोग्राफरने ती खाल्ली, म्हणून प्रकरण तिथेच मिटलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. साडू रोह्याला एका केमिकल कंपनीत शिफ्टला जात आणि उरलेला वेळ कुठूनसा पैदा केलेल्या जुन्या कंप्युटरपुढे बसत. कंप्युटर चालवणारा जो मूळ प्रोग्राम असतो, त्याचा गाभा म्हणजे कर्नल. जगभरातली हौशी मंडळी एकमेकांचं तोंडही न पाहता मिळून एक कर्नल लिहीत होती. कुणालाही सुधारणा सुचली तर त्याने पाठवावी, पटली तर ठेवून घेऊ, असा सगळा घरचा मामला. त्या कर्नलमध्ये एक फंक्शन होतं, म्हणजे एकच छोटं काम करणारा तुकडा: मेमरीत अमुक अक्षर कुठे आहे ते शोधून द्यायचं. ते बिचारं एकेक अक्षर बघत पुढे सरकायचं. हे कळल्यापासून साडूंची झोप उडाली. पेणला माझं एसटीडी बूथ होतं, तिथे येऊन माझ्या गिऱ्हाइकांसमोर त्यांनी हात उडवले. "अहो, पानापानापाशी थांबतंय ते! एका नजरेत चार-चार बघता येतात!" अलिबागला फोन लावून उभी असलेली एक बाई घाबरून रिसीव्हर ठेवून निघून गेली.

घरी मात्र वेगळंच पेटलं होतं. अष्टमीच्या त्या दोन खोल्यांत टेबल एकच, आणि त्यावर आधी माझ्या मेहुणीचं शिलाई मशीन असायचं. कंप्युटर आला आणि मशीन पलंगाखाली गेलं. शेवटी तिने सांगून टाकलं, की हे तुमचं काय ते एकदाचं पाठवून टाका. त्यांनी ठेवून घेतलं तर हा कंप्युटरचा डबा राहील, नाही घेतलं तर डबा जाईल आणि मशीन वर येईल. साडू नेहमीच्या घाईत हो म्हणाले. आपण कशाला हो म्हणालो हे त्यांना पुलाच्या मध्यावर कळलं.

आता आमचे सासरे. आम्ही दोघेही जावई त्यांना मामा म्हणायचो. निडीजवळच्या गावात त्यांची वालाची शेती. वालाच्या बिरड्यात एखादा दाणा कितीही रटरटवा, खडा तो खडाच राहतो, त्याला आमच्याकडे गणंग म्हणतात. धाकट्या जावयाबद्दल मामांचा हा एकच शब्द होता. कामधंदा असून रिकामा दिसणारा माणूस त्यांच्या हिशेबात बसतच नव्हता. एकदा त्यांनी साडूंना विचारलं, की त्या डब्यावर तुमी करता तरी काय? साडूंचा एक पाय स्कूटरवर. "कर्नलमध्ये फंक्शन घालायचंय मामा. जुनं फार हळू चालतं. मंजुरी मिळतेय का बघू," एवढं बोलून गाडी सुटलीसुद्धा.

मामांनी आपल्या परीने अर्थ लावला. फौजेतल्या कुणा कर्नलसाहेबाकडे फंक्शन आहे, आधीचा माणूस सुस्त निघाला, म्हणून आता सगळी व्यवस्था आपल्या जावयाकडे येतेय. दिवस मावळायच्या आत गावभर झालं. मी समजवायला गेलो, तर मलाच म्हणाले, "तुमाला फोनातलं कळतं, फौजेतलं नाय." पण त्या दिवसापासून गणंग हा शब्द बंद झाला. साडूंसाठी चहात दूध जास्त पडू लागलं. आता कर्नलने नाही म्हटलं तर नुसता डबाच जाणार नव्हता.

पाठवायचं ठरलं त्या दिवशी साडू कंप्युटर गोणपाटात बांधून एसटीने पेणला आले. डबा खिडकीशी बसवलेला, स्वतः उभे. माझ्या फोनला मॉडेम जोडलं, त्याने किंचाळून किंचाळून मुंबई गाठली, आणि फंक्शन गेलं एकदाचं. पुढच्या सुट्टीला साडू डबा घेऊन परत आले, तेव्हा उत्तर आलं होतं. परदेशातल्या कुणा भल्या माणसाने लिहिलं होतं, की वेग झकास आहे, पण तुमचं फंक्शन मेमरी संपली तरी थांबत नाही, पुढच्या परक्या जागेत हात घालतं, आणि मग कंप्युटर जागच्या जागी बंद पडतो. हे असं घेता येणार नाही.

साडू माझ्या स्टुलावर बसले. बसले म्हणजे खरोखर बसले. त्यांना इतका वेळ एका जागी मी लग्नाच्या बोहल्यावरही पाहिलं नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी आपली चेष्टा केली, की साडू, फोटोग्राफरच्या पिशवीत जिलबी टाकलीत की हो पुन्हा!

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता तुटतंय नातं. आणि मग ते उठले, माझे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवले. पंगतीच्या सुरुवातीला सुटी पानं असतील ती एकेक वाढायची, मग भराभर चार-चार, आणि शेवटी चार उरलेली नसतील तर मुकाट्याने पुन्हा एकेक! शेवटच्या पानाला थांबायचं! असं ओरडत त्यांनी तिथेच, माझ्या बिलाच्या टेबलावर, सगळं पुन्हा लिहून काढलं. तपासलं. परत तपासलं. साडूंनी एखादी गोष्ट दोनदा केलेली मी पहिल्यांदा पाहत होतो.

ते पाठवलं, आणि त्यापुढच्या सुट्टीला आलेलं उत्तर एका ओळीचं होतं. छान, घेतलं. बस्स! साडू ओरडले, मी ओरडलो, फोनवर असलेला माणूस पलीकडच्याला म्हणाला की पेणला काहीतरी झालंय, मागून बोलतो. डबा माझ्याकडेच टाकून साडूंनी धावती एसटी पकडली. ती वडखळच्या नाक्यावर अडकली, तर तिथे उतरून मला फोन. "परत एकदा वाचा हो ती ओळ." मी वाचली.

मंजुरी मिळाल्याचं कळताच मामांनी शेतात पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, मडकं उपडं करून भोवती जाळ. सगळं गाव गोळा झालेलं, आणि मधोमध शाळेतून मागून आणलेली हातांची खुर्ची, तिच्यावर धुवट टॉवेल. मामा इस्त्रीची टोपी घालून सारखे रस्त्याकडे बघत होते. मडकं उघडायची वेळ आली तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "कर्नलसायेब कदी येनार?"

मेहुणीने माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. साडू मात्र मामांच्या शेजारी उकिडवे बसले. एक गरम शेंग घेतली, सोलली, आणि आयुष्यात पहिल्यांदा एकेक शब्द वेगळा करून बोलले.

"मामा, इंग्रजीत शेंगेतल्या दाण्याला कर्नल म्हणतात. वर टरफल, आत हा. कंप्युटरलाही असंच वर टरफल असतं आणि आत दाणा. त्या दाण्यात माझं एक काम बसलंय. साहेब कोणी यायचा नाही."

मामांनी तो दाणा तळहातावर घेतला, बराच वेळ पाहिला, तोंडात टाकला, चावला.

"शिजलाय," ते म्हणाले. मग टॉवेल झटकून जावयाला म्हणाले, "बसा खुर्चीवर."

काही वर्षांनी साडूंचं फंक्शन कर्नलमधून काढलं. कुणीतरी आणखी जलद लिहिलं होतं. मला फार लागलं ते, पण साडू तोंडभर कौतुक करत होते त्या अनोळखी माणसाचं. मामांनी विचारलं तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, की काम आता दुसऱ्याकडे गेलं, तो माझ्यापेक्षा वेगाचा आहे. मामा म्हणाले, "मंग त्यालाबी बोलवा पोपटीला. खुर्ची हाय."

तो माणूस कोण, कुठल्या देशातला, आम्हांला ठाऊक नाही. मामाही आता नाहीत. पण दर थंडीत पोपटीला ती खुर्ची शेतात जाते आणि रिकामीच ठेवतात. ती आणायचं काम साडूंचं. डोक्यावर खुर्ची घेऊन ते बांधावरून एकेक पाऊल टाकत येतात, आणि मी मुद्दाम मागे राहून बघतो.