पत्त्याचा कागद

जळगावजवळच्या सरबताच्या कारखान्यात मी फिटर होतो. तिथे खोक्यांवर लेबलं चिकटवणाऱ्या एक अक्का होत्या. नाव मी कधी विचारलं नाही. खळ लावून लेबल ठेवलं, की झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा त्या तळवा फिरवायच्या.

मग लेबलं लावणारं मशीन आलं. उद्यापासून अक्कांचं काम बंद, हे त्यांना सांगून झालं होतं. मशीनच्या लाकडी पेटीवरचा पत्त्याचा कागद सुटून लोंबत होता. अक्कांनी वाटीतली उरलेली खळ त्याला लावली, तळवा फिरवला.

“राहू द्या अक्का, आता उघडायचीच आहे ती.”

“इतली दूरथून येल शे, भाऊ. पत्ता नीट ऱ्हावाले पाहिजे.”

मग त्यांनी वाटी धुतली आणि पालथी घातली.